नुसतं बोट लावा

लेमानाक नदीकाठ, सारावाक
२७ एप्रिल १९९७

तीर्थरूप अण्णांस, मंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. खालच्या गावातल्या दुकानदाराने ते मिठाच्या पोत्यावर ठेवलं होतं, त्यामुळे निम्मी शाई फुटली. तरी आईचे गुडघे, विहिरीचं पाणी आणि देवराईतल्या बेहड्यावर यंदाही आलेली धनेशाची जोडी, सगळं कळलं. शेवटची ओळ मात्र शाबूत होती. "जावईबापूंनाही घेऊन ये, त्यांना आपले धनेश दाखवू." लग्नाला इतकी वर्षं झाली, आजवरच्या एकाही पत्रात तुम्ही उंतिंगचं नाव काढलं नव्हतं. आता एकदम जावईबापू!

त्याचं शेवटी लिहिते. आधी तुम्ही विचारलेलं पाखरांचं.

टेकडीवरच्या मोठ्या उंबराला फळ धरलंय. झाडाखाली उभं राहिलं की वरून साली, बिया आणि शिव्या एकदमच पडतात, शिव्या माकडांच्या. परवा तिथे डोक्यावर हाडाचं टोपण असलेला मोठा धनेश आला. त्याचं ओरडणं म्हणजे आधी सावकाश एकेक ठोका, मग भरभर ठोके आणि शेवटी वेड लागल्यासारखं हसणं. इथले लोक म्हणतात, हा मूळचा जावई. सासूवर चिडून त्याने तिच्या घराचे खांब कुऱ्हाडीने तोडले आणि घर कोसळल्यावर हसत सुटला. तो ओरडला की उंतिंग म्हणायचा, "माझी सासू समुद्रापार, म्हणून वाचली." त्यावर त्याची आई, माझ्या इंदाय, चटई विणता विणता म्हणायच्या, "मोठा आला कुऱ्हाडवाला! सासऱ्यापुढे तोंड तरी उघडलं होतंस का?"

परवा तो पक्षी हसला तेव्हा पडवीत इंदाय नुसत्या विणत राहिल्या. एका छपराखाली आमची सगळी बिऱ्हाडं, पण सध्या इथे कुणी मोठ्याने हसत नाही, रेडिओ लावत नाही.

मी पाखरांचं लिहून लिहायचं तेच टाळतेय, हे तुमच्यासारख्या मास्तरांच्या लक्षात आलंच असेल. अजून थोडं टाळू द्या.

लग्नानंतर आम्ही देवरुखला आलो, तेव्हा उंतिंगने परसातला बांबू तोडून त्यात भात शिजवला होता. तांदूळ त्याच्या डोंगरावरचे, कापडी पिशवीतून जपून आणलेले. केळीच्या पानावर त्याने तो भात तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही "माझी फिरायला जायची वेळ झाली" म्हणालात आणि काठी घेऊन उठलात. मला राग आला. तो मात्र घाबरला. इथे समोर आलेलं अन्न न शिवता कुणी घराबाहेर पडत नाही. पोट भरलेलं असो की भांडण झालेलं असो, निदान बोट लावायचं आणि तेच बोट ओठांना. नाहीतर वाटेत साप चावतो, झाड अंगावर पडतं, पाणी ओढून नेतं. आपल्याकडे न शिवण्याचं पुण्य, इथे न शिवण्याचं पाप.

तो तुमच्यामागे फाटकापर्यंत धावला, आठवतं? तुम्हाला वाटलं, सोबत यायचंय. तुम्ही काठी उचलून "नको" म्हणालात. तेवढ्यात त्याने भाताचं एक शीत तुमच्या काठीला चिकटवलं. मग तुम्ही परतेपर्यंत तो न जेवता पायरीवर बसून राहिला. मी हसून हसून बेजार. तुम्ही वळणावर दिसलात तसा उठला. "हस तू. पण म्हातारा नीट परत आला ना? वाढ, आता जेवतो."

फेब्रुवारीत भात पिवळं पडायला लागलं होतं. नदीच्या वरच्या अंगाला आम्हाला धनेशाची ढोली सापडली होती. तिचा फोटो तुम्हाला पाठवायचा होता, म्हणून उंतिंग सकाळीच होडी घेऊन निघाला. मी पानात भात बांधून दिला होता. ती पुडी धक्क्याच्या पायरीवरच राहिली. पाणी ओलांडून लांब गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"माझा भात!"

"राहू दे! जा तू!" मी ओरडले.

"अगं, शिवलो नाही मी!" तो हसत म्हणाला आणि त्याने होडी वळवली.

डोंगरात पाऊस झाला होता, पाणी तांबडं आलं होतं. होडी आडवी झाली आणि वरून आलेला ओंडका तिच्यावर आदळला. मी पायरीवरून बघत होते. दुपारी तो खालच्या खडकांपाशी सापडला.

अण्णा, उंतिंग गेला. इतके दिवस तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही नुसतं "वाईट झालं" एवढंच लिहिलं असतंत तर ते मला सोसलं नसतं. आणि आता तुम्ही जावईबापू म्हणता.

इंदाय म्हणतात, न शिवता निघाला म्हणून गेला. मला वाटतं, शिवायला वळला म्हणून गेला. एका चुलीपाशी बसून आम्ही दोघी या गोष्टीवर अवाक्षर काढत नव्हतो. एकदा त्यांनी माझ्यापुढे ताट सारलं.

"भूक नाही, इंदाय."

"भुकेचं कोण विचारतंय? बोट लाव."

"त्या बोटापायीच गेला ना तो!"

त्यांनी माझा हात धरला, बोट भाताला टेकवलं आणि माझ्या ओठांना लावलं. "तो गेला," म्हणाल्या. "तू नाही जायचंस." त्यानंतर आम्ही दोघी खूप रडलो आणि त्याच ताटात जेवलो.

तुम्ही मला बोलवाल. मी एवढ्यात येणार नाही. राग धरून नाही. या म्हातारीला सोडून माझा पाय निघत नाही. ढोलीपाशी मी मागाहून जाऊन आले. पिल्लू मोठं होऊन उडालंय. रिकाम्या ढोलीचा फोटो काढला नाही.

तुमची ती ओळ मी इंदायना त्यांच्या बोलीत सांगितली. त्यांनी हातातली चटई बाजूला सारली. मग आत जाऊन नव्या भाताचे तांदूळ घेऊन आल्या. "म्हाताऱ्याला धाड," म्हणाल्या.

ते सोबतच्या पुडीत आहेत. पेरले त्याने, कापले आम्ही. आईला शिजवायला सांगा. घास तुमच्या घशाखाली उतरायचा नाही, ठाऊक आहे मला. नका जेवू. नुसतं बोट लावा, अण्णा, आणि तेच बोट ओठांना. मग तेवढं मला कळवा. तुमचं उत्तर येईपर्यंत तो पायरीवरच बसलेला असेल, जेवायचा थांबून.

तुमची लेक आणि उंतिंगची बायको,
मंदा