मुलुंडची स्लो गाडी आणि केसरमावशीचा तांब्या

५ नोव्हेंबर १९७३, सकाळ
आजपासून रोजनिशी. रोज एक पान, खाडा नाही. वही कोरी, डोकं एकदम फ्रेश.
कारणही तसंच. पलीकडच्या बोळातल्या केसरमावशीची लेक येसू मुलुंडला दिलेली. पहिलं बाळंतपण इकडंच व्हायचं, पण डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. आता मावशीच जाणार. जावई धर्मपालनं कळवलंय, माझी ड्यूटी आहे, कल्याणला उतरा आणि मुलुंडची लोकल पकडा. मावशी मिलमध्ये सूत गुंडाळते, अक्षरओळख नाही, कुर्डुवाडीच्या पलीकडं कधी गेली नाही. पत्र मीच वाचून दाखवलं आणि वाचता वाचता तोंडातून निघून गेलं, मावशी, लोकलचं मला सगळं माहीत आहे, मी येतो की सोबत.
मावशीनं डोळ्याला पदर लावला. आता मागं सरता येत नाही. सरायचंही नाही!

५ नोव्हेंबर, दुपार
हे फक्त इथं लिहितो. लोकलमध्ये मी बसलेलो नाही. पण गेल्या साली टेंभुर्णीहून ट्रकवाल्याबरोबर मुंबईला गेलो, तेव्हा दादरच्या पुलावर तीन तास उभा राहून लोकल बघितल्या. आतल्या माणसाला काय दिसतं? शेजाऱ्याची बगल. पुलावरून सगळी सिस्टीम दिसते.

६ नोव्हेंबर
नियम काढले. पाठ करून घेणार.
एक, गाडी वीस सेकंद थांबते. दोन, आपलं स्टेशन यायच्या आधीच्या स्टेशनला उठून दाराशी यायचं, आणि फलाट कुठल्या बाजूला येणार ते विचारून ठेवायचं. तीन, फास्ट गाडी मुलुंडला थांबेलच असं नाही, स्लोच पकडायची. चार, सगळ्यात महत्त्वाचा, डबल अंडरलाइन: एकदा गाडीत बसलं की आपलं स्टेशन येईपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही. काही झालं तरी!
अजून सोळा करायचे होते, पण बोळात अस्वलवाला आला. त्याच्या मागं मागं सात रस्त्यापर्यंत गेलो.

७ नोव्हेंबर
प्रॅक्टिकल सुरू. आमची बाज म्हणजे डबा, ओटा म्हणजे फलाट. मी आकडे मोजणार, मावशीनं वीसच्या आत पेटी घेऊन चढायचं.
पहिल्या खेपेला अठराला बाजेपाशी आली आणि वळून माझ्या आईला म्हणाली, येते गं गौरम्मा, घराकडं बघ. आई म्हणाली, सावकाश जा गं, पोचल्याचं कळव. एकतीस! गाडी गेली.
पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. मी सांगितलं, लोकलमध्ये निरोप बंद. आपल्या सोलापूर स्टेशनवर चालतं ते, खिडकीतून टॉवेल टाकायचा, गावभर येते-येते म्हणायचं, मग चढायचं. मावशी म्हणाली, येते न म्हणता जायला मी काय चोर हाय व्हय रे निंगू?
अडाणीपणा. हळूहळू जाईल.

८ नोव्हेंबर
मावशीला वाचता येत नाही, तर स्लो कशी ओळखणार? रात्रभर विचार, सकाळी आयडिया! स्लोच्या पाटीवरचा इंग्लिश एस कोळशानं भिंतीवर काढून दाखवला, हुबेहूब साप. साप दिसला की ती आपली गाडी. मावशी म्हणाली, आन् आपल्या शेजारी कोन बसलंय ते बगायचं न्हाय? मी म्हणालो, फक्त साप बघ.
आईनं मला भिंत पुसायला लावली.

९ नोव्हेंबर
सात रस्त्यावर सिटी बसवर चढण्याचा सराव. मावशी चढली. मी तिची स्टाइल बघत राहिलो, बस गेली. टेक्निकली यशस्वी.
आजच लक्षात आलं, मावशी लेडीज डब्यात असणार आणि मी जेंट्समध्ये. मग मी बरोबर कशाला, असं आईनं विचारलं. मानसिक आधार!

११ नोव्हेंबर, सकाळी
आज निघणार. पेटी, येसूसाठी चादर, डिंकाचे लाडू, मावशीचा पितळी तांब्या. पत्ता आणि सगळे नियम माझ्या वरच्या खिशात. तिकिटं मी मागितली, पण ती मावशीनं कनवटीला लावली. म्हणाली, तुजा भरवसा हाय, पर तिकिटाचा न्हाय. काय म्हणायचं होतं कळलं नाही.

११ नोव्हेंबर, कुर्डुवाडी स्टेशन
घाईत लिहितो. घाई तशी आता राहिलेली नाही.
मोहोळ सोडल्यावर मावशीला तहान लागली. कुर्डुवाडीला गाडी भरपूर थांबते, म्हणून तांब्या घेऊन उतरलो. नियम चार लोकलचा आहे, मोठ्या गाडीला लागू नाही. तांब्या भरला. परत निघालो तर पलीकडं ती बार्शी लाइनची छोटी गाडी! इंजिन इतकं गोड, जणू जत्रेत घेतलेलं. ड्रायव्हर म्हणाला, या की वर. वर गेलो. शिट्टी झाली, मला वाटलं ह्याच छोट्या इंजिनाची.
पळालो. मावशी खिडकीतून हात हलवत होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, मावशी, साप बघ! साप! फलाटावरची निम्मी माणसं बाकांवर चढली, एक हमाल काठी घेऊन आला, मला वाट मिळेना. गाडी गेली.
मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, साप कुठाय आधी ते सांगा.

११ नोव्हेंबर, दुपार
पत्ता माझ्या खिशात. मावशी एकटी. वाचता येत नाही. तिकडं येसूचे दिवस भरलेले. एक पाऊल इकडचं तिकडं पडलं तर मुंबईत माणूस सापडत नाही.
तांब्यातलं पाणी प्यावंसं वाटेना.

१२ नोव्हेंबर
ट्रकनं घरी. आईनं हातपाय धुवायला पाणी दिलं. भाकरी वाढली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१६ नोव्हेंबर
पोस्टमन दोनदा गेला. अस्वलवाला आला होता, मी उठलो नाही.

१९ नोव्हेंबर
कार्ड! अक्षर धर्मपालचं, बोल मावशीचे. जसंच्या तसं उतरवतो.
निंगू, मी पोचले. येसूला मुलगी झाली, दोघी चांगल्या हायत. कल्यानला साप दिसला, पर बाया म्हनाल्या ती गाडी उलटी जाती. मग मी दोन बायांना इचारलं. दोघी एकच बोलल्या तवा चढले. जावयाच्या कारखान्याचं नाव मला ठावं हुतं, त्यावरनं घर गावलं. उतरताना सगळ्यांना येते म्हनले. बाया लई हसल्या, पर दोघींनी पेटी खाली दिली आन् एकीनं पोरीला टोपडं पाठवलं. आता मी रोज भाजीला लोकलनं जाते. तांब्या जपून ठेव. नऊ तारखेला येते, स्टेशनावर ये. पर गाडीत चढू नगंस.

आईला दोनदा वाचून दाखवलं. आई हसली आणि मग तिनं पदरानं डोळे पुसले. माझंही तसंच काहीतरी झालं.
एकूण बघता कोचिंगचा चांगला परिणाम. नियम तीन कामी आलाच की.

९ डिसेंबर, संध्याकाळ
गाडी चारला. मी अडीचलाच हजर, तांब्या ताज्या पाण्यानं भरून. या खेपेला चूक नाही! वेळ होता म्हणून मालधक्क्यावर जरा बघितलं, सर्कशीचा उंट वॅगनमधून उतरवत होते. उंट उतरायला तयार नव्हता. त्याला नियम दोन समजावला.
फलाटावर आलो तर झाडूवाला झाडत होता.
बोळात पोचलो. आमची बाज बाहेर काढलेली, भोवती आठ-दहा बाया, मधोमध मावशी, कमरेला पदर खोचून. सगळ्यांच्या लेकी मुंबईला दिलेल्या. मावशी सांगत होती, आधी दोघींना इचारायचं, मग चढायचं, आन् येते म्हनल्याबिगर उतरायचं न्हाय.
मी तांब्या पुढं केला. मावशी घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि आईला म्हणाली, आलं बग गौरम्मा, कुर्डुवाडीचं पानी.
मग मला बाजेजवळ उभं केलं. डब्यातला धरायचा दांडा म्हणून. हलू नगंस, म्हणाली.
हललो नाही.