डाव्या हाताची कात्री

ती. ताईस, तुझ्या भांडखोर धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. कारखान्यात दिवसभर नुसत्या कॉलरी जोडतो. आख्खा शर्ट इथे कुणीच शिवत नाही. पाठ जरा धरते, पण ते बाबांना सांगू नकोस.

दुकानात गिऱ्हाईक फिरकतं का? बाबांचा मोतीबिंदू काढला का? माझं नाव काढतात का कधी?

बाबांनी दुकान तुझ्या हवाली करायचं ठरवलं, तेव्हा मी नको ते बोललो. "बाईकडे मापं द्यायला कोण येणार? उरलंसुरलं गिऱ्हाईकही जाईल." तू मान खाली घालून काजं करत राहिलीस. आणि निघताना मी बाबांची कात्री उचलली. मुलगा म्हणून तेवढा तरी हक्क माझा, असं म्हणत.

तीन वर्षं ती ट्रंकेत पडून होती. काल धार लावायला नेली. धारवाला बोटांत घालून हसला. "ही डावखुऱ्याची दिसते. तुमची नव्हे. कुणाची आणलीत?"

बाबा डावखुरे, तू डावखुरी. मला ती कधीच चालली नसती, हे ठाऊक असूनच नेली होती गं. इतके दिवस कशाने बेततेस? अंगठ्याला घट्टे पडले असतील.

पार्सलने पाठवतोय. धार पाहायला पहिला शर्ट माझाच बेत. वहीतल्या मापापेक्षा छाती दोन इंच कमी धर. बाबांनी विचारलंच, तर जुनंच माप सांग.

तुझाच,
धाकटा