दर पाचवं दार

प्रिय चिमणे,

तुझ्या गाईड मॅडमनी आपला कॅरमचा अख्खा अड्डा संशोधनातून हाकलून लावला, हे मी मंडळींना सांगितलं. पोस्टमास्तर तर रुसलेच. एकट्या म्हाताऱ्यांचा अभ्यास आणि नेमकं आम्हालाच वगळायचं, हा कुठला न्याय, म्हणाले. त्यांना काय सांगणार? प्रश्नांचे कागद देताना तू मला बजावलं होतंस: आपल्या इमारतीतलं दर पाचवं दार वाजवायचं, आत कुणी एकटं राहत असेल तर त्यालाच विचारायचं, दार उघडलं नाही तर पुन्हा जायचं, पण शेजारचं वाजवायचं नाही. मी पडलो शिंपी. कापड कमी पडलं की जोड लावायची, ही जन्माची खोड. दार बंद दिसलं की शेजारी गेलो, तेही बंद तर कॅरमवाल्यांना हाक मारली, त्यांनी आपापले दोस्त आणले. सगळे आपल्या हॉलमध्ये मांडीला मांडी लावून बसले, एकमेकांच्या कागदात डोकावले आणि चहा पीत पीत 'मला कधीच एकटं वाटत नाही' यावर खुणा करून मोकळे झाले. मला वाटलं, किती सुखी म्हातारे आहेत आपल्याकडे, पोरगी खूश होईल.

मग तुझा फोन आला. शितावरून भाताची परीक्षा करायची तर आधी भात ढवळावा लागतो बाबा, असं म्हणालीस आणि रडायलाच लागलीस. तुझी वर्षभराची मेहनत माझ्यापायी पाण्यात जाणार होती. दुसऱ्या दिवशी गुमान बंद दारांकडे निघालो.

तळमजल्यावरचे गृहस्थ मला विमा एजंट समजून घरात कुणी नाही असं स्वतःच आतून ओरडायचे. शेवटी एकदा दार उघडलं, तर बोलायचे थांबेचनात. उभ्या उभ्या माझे पाय भरून आले. ज्यांना खरंच एकटं वाटतं ती माणसं दार उघडत नाहीत, म्हणून शेजारचं दार चालत नाही, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं.

वरच्या मजल्यावर सिस्टर राहतात. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यात. सगळे त्यांना शिष्ट म्हणतात, मीही म्हणायचो. सकाळी गेलो, दुपारी गेलो, उत्तर नाही. एकदा संध्याकाळी गेलो तर दार उघडलं. जन्मभर रात्रपाळी केलेली बाई, नोकरी संपली तरी झोप दिवसाचीच राहिली. त्या उठतात तेव्हा आपण दिवसाची कामं आटपायच्या बेतात असतो. कुणाशी मनसोक्त शेवटचं कधी बोललात, या तुझ्या प्रश्नावर त्यांनी मला खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, "आत्ता बोलतेय, ते धरायचं का?"

उत्तर सुचवायचं नाही असा तुझा नियम, म्हणून गप्प बसलो. फार जड गेलं.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी वर जातो. प्रश्न केव्हाच संपले. उसवलेले पडदे शिवून द्यायला म्हणून जातो. पडदे उसवलेले नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्या माझं ब्लडप्रेशर मोजतात आणि चहातल्या साखरेवरून मला फैलावर घेतात. तुझी आई गेल्यापासून मला असं कुणी रागावलं नव्हतं गं, आणि ते मला आवडतंय.

आता मुद्द्याचं. फोनवर धीर होत नव्हता म्हणून लिहितोय. सहा महिन्यांनी तेच प्रश्न घेऊन त्याच माणसांकडे पुन्हा जायचंय ना? सिस्टर तेव्हा तुझ्या अभ्यासात बसायच्या नाहीत, कारण त्या एकट्या राहत नसतील. आपल्याकडे राहायला येतील, अर्थात तू हो म्हणालीस तर. आईची जागा आईचीच आहे, तिथे मी कुणाला बसवत नाही. पण तुझा एक माणूस कमी होणार, आणि त्याला जबाबदार पुन्हा मीच. मॅडमना काय सांगायचं ते तू बघ. सिस्टरनी सामानासाठी खोकी आणून ठेवलीत, पण आधी मुलीला विचारा म्हणाल्या, तोवर एकही भरणार नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
तुझाच
बाबा