रिकामा ठेवलेला खोली नंबर

जळकोट, १२ जुलै, मंगळवार

आज शिलाई मशीन बंद ठेवून किराण्याची दोन ॲप ताडून पाहिली. सानियाला लातूरला सामान पाठवायचंय. परीक्षा होईपर्यंत फोन नको म्हणून पोरगी मोबाईल इथंच ठेवून क्लासला गेली.

पहिलं ॲप लई झटपट. सामान गेटवर ठेवून फोटो पाठवतं. दुसरं महाग, वर उशीर. मागच्या खेपेला बिस्किटांचा पार चुरा. तिची अम्मी म्हणाली, "मग पहिलंच घ्या की. एवढा काय विचार करून राहिलात?"

तिला काय सांगू? मागच्या खेपेला माझ्याकडून खोली नंबर लिहायचा राहिला, म्हणून दुसऱ्या ॲपच्या माणसानं मला फोन लावला. फोन चालू असतानाच त्यानं दार वाजवलं. आतून सानियाचा आवाज आला, "काका, इथं ठेवा. अब्बांनी पाठवलं का?"

घसा बसल्यासारखा वाटला तिचा. का मलाच तसं वाटलं?

शेवटी दुसरंच ॲप उघडलं. साबण, चिवडा, घशाच्या गोळ्या घेतल्या. गल्ली, इमारत, मजला, सगळं नीट लिहिलं. खोली नंबर तेवढा रिकामा ठेवला.