इंग्लंडचा एक दिवस, माझे कान

रविवार, १२ ऑक्टो.
उम्म सलालच्या घरून ऑफिसला पोचेपर्यंतच जीव मेटाकुटीला आला. टेबलावर नवं काम. सत्तरेक वर्षांपूर्वी इंग्लंडात टीव्हीवर एका दिवसात जे जे दाखवलं ते सगळं. कुठल्याशा प्रदर्शनात लावायचंय. माझं नेहमीचंच: ऐकायचं आणि खाली इंग्रजी मजकूर टाकायचा, आवाजांसकट. दार वाजलं तर 'दार वाजते', काहीच नसलं तर 'शांतता'. दुपारी बायकांसाठी टोपी कशी सजवावी. मग मुलांच्या बाहुल्या, घोड्यांच्या शर्यती, एक नाटक, शेवटी पाद्री. लोकांना फुरसत बरी होती.
करार महिनाअखेर संपतो. सना बारावीला. नोकरी गेली की इथला, आखातातला व्हिसा गेला, मग पोरीची शाळा अर्ध्यात. तेव्हा तोंड बंद, काम चालू.

मंगळवार, १४
पाद्री पुटपुटतो. टोपीवाली बाई तोंडात टाचण्या धरून बोलते की काय. 'अस्पष्ट', 'अस्पष्ट' टाकत सुटलो. एवढी जुनी फिल्म, आवाज राहणार कुठून.
घरी बायको, नसीम, रागाने तापलेली. "कवाधरना हाका मारतंय, कान कुठं ठेवलात?" कुकर म्हणे शिट्टीवर शिट्टी देत होता, मी शेजारी बसलेला आणि डाळ करपली. ऑफिसचं टेन्शन म्हटलं. करपलेलीच जेवलो.

गुरुवार, १६
रेजी खुर्ची ओढून जवळ बसला. तो आमचा तपासनीस, केरळचा. माझं काम त्याच्या कानांखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. हळूच म्हणाला, "भाई, ऑडियो तो एकदम क्लियर है. आपने इतना अनक्लियर क्यों डाला?"
मी फिल्मवर ढकललं. नाचता येईना अंगण वाकडं.
मग बाग. दोन कार्यक्रमांच्या मध्ये, स्टुडिओत सामान हलवेपर्यंत ते लोक एक बाग दाखवायचे. झाडं, वाट, माणूस कोणी नाही. मी मंगळवारी 'शांतता' टाकलेलं. रेजी म्हणाला, "पूरा टाइम चिड़िया बोल रही है, भाई."
हसलो. घाईत राहिलं म्हटलं. त्याने स्वतःच दुरुस्त केलं, वर कळवलं नाही. भला माणूस.

शुक्रवार, १७
जुम्मा, बिर्याणी, डुलकी. मग लॅपटॉपवर ती बाग लावली आणि सनाला बोलावलं. काय ऐकू येतं?
"बर्ड्स, अब्बा. लॉट्स ऑफ देम." आणि परत फोनमध्ये.
हेडफोन लावला. काढला. आवाज पूर्ण वाढवला. फांद्या हलतायत. पाखरू एक नाही. पडद्यावर आवाजाची रेघ थरथरत होती. मंगळवारीही थरथरत असणार, मी ती फिल्मची खरखर समजलो. वीस वर्षं कानावर पोट भरणारा माणूस मी.
भीती वाटली. अजून वाटते.

शनिवार, १८
दवाखाना. नसीमला सांगितलं, कानात मळ झालाय. काचेच्या खोलीत बसवलं, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा म्हणाले. दोनचार दाबली. मग नुसताच बसून राहिलो. वाटलं, बंद पडलं की काय यंत्र. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघत होती.
डॉक्टर इजिप्तचे, गोड बोलणारे. बारीक आवाज गेले, परत यायचे नाहीत. मशीन लावा, माणसांचं बोलणं सुधारेल. हेडफोनचं काम मात्र सोडा. सोडा म्हणे. आभाराचं 'शुक्रन' म्हणून उठलो.

रविवार, १९
रेजीला सांगून टाकलं, चहाच्या मशीनपाशी. त्याने माझाही कप भरून दिला. "आप लिखो, मैं सुन लेता है. अभी मैं है ना." हलकं वाटलं. लाजही वाटली.
नाटक दोघांनी मिळून केलं. तो एकेक वाक्य सांगे, मी टाइप करी. नाटकातला नवरा बायकोपासून काहीतरी लपवतो. पुढचं उद्या.

मंगळवार, २१
रेजी चालला. वडील अंथरुणाला खिळलेत, कायमचाच परत जातोय. सकाळपर्यंत त्यालाही माहीत नव्हतं.
दुपारी हादीने बोलावलं. हादी म्हणजे आमचा लेबनॉनचा साहेब. करार वाढवला. वर रेजीची खुर्ची मला. म्हणे तुझ्याइतकं स्वच्छ काम कोणाचंच नाही, एक चूक सापडत नाही. ती का सापडत नाही ते रेजीला ठाऊक आणि मला. रेजी तिथेच बसलेला, त्याने मान वर केली नाही.
परवापर्यंत उत्तर द्यायचंय. खरं सांगितलं तर खुर्ची गेली, आणि बहुतेक नोकरीही. घेतली तर बाकीच्यांनी काय ऐकलं नाही ते मी ऐकून दाखवायचं.
नसीमला बढतीचं तेवढं सांगितलं. कानाचं ओठावर आलं होतं, अगदी तोंड उघडलं होतं. तोवर तिने चिपळूणला फोन लावलासुद्धा. "अम्मी, ह्यांना मोठी खुर्ची गावली." सना उठून आली, माझ्या गळ्यात पडली.
मी थांबवलं नाही.