सीटखालचा पिवळा कनेक्टर

शुक्रवार, सायंकाळ. पिंपळे गुरव.

आज रुग्णालयात सचिनने अंजलीच्या भावाला सांगितले की, गाडीतील एअरबॅगचा बिघाड दाखवणारा दिवा अपघाताच्या दिवशीच प्रथम लागला. माझ्या मुलाचे हे विधान असत्य आहे. खंडेनवमीला पूजेसाठी गाडी धुताना त्यानेच पाण्याचा पाइप आतवर सोडला होता. पुढे मेकॅनिकने माझ्यासमोर त्याला बजावले, "भाऊ, सीटखालचा एअरबॅगच्या वायरचा पिवळा कनेक्टर गंजत चाललाय. हलवला की दिवा जातो, पण भरवसा नाही. गाडी ठेवून जा."

दिवा विझलेला पाहून सचिन हसला. "गेला ना, भावा? मग कशाला गाडी अडकवतोस!"

एवढासा पिवळा कनेक्टर. एक दुपार पुरली असती.

आज बाहेर येताच तो मला म्हणाला, "आबा, तिच्या भावासमोर तोंड उघडू नका." सून अंजली अद्याप शुद्धीवर नाही, आणि मी गप्प बसावे? उद्या तिच्या भावाला सांगायचे ते असे:

दिवा प्रथम लागला: दसऱ्याला. भाऊबीजेला नव्हे.

मेकॅनिकने बजावले: कोजागिरीला.

दिवा पुन्हा लागला, सचिन म्हणाला, "दिवाळीनंतर बघू": धनत्रयोदशीला.

भाऊबीजेला: दिवा लागलेलाच होता. अंजली तुम्हालाच ओवाळायला चाकणला निघाली होती. एअरबॅग उघडली नाही.