कापूर उडून जातो

आई, मी आज जागची हलणार नाहीये. ऑफिसला सुट्टी टाकली आहे, फोन दुसऱ्या खोलीत उशीखाली कोंबलाय, गॅस बंद आहे, आणि दारावरची बेल वाजली तर वाजू दे. समोर टेबलावर काचेच्या बरणीत रुईची फांदी आहे आणि फांदीला कोश लटकतोय. कालपर्यंत हिरवागार होता, आज सकाळी काळसर पडलाय आणि आतल्या पंखांचा शेंदरी रंग बाहेरून दिसतोय. म्हणजे आजच. फुलपाखरू कोशातून बाहेर येताना तुला आयुष्यभर बघायचं होतं आणि एकदाही बघायला मिळालं नाही, ते मी आज बघणार आहे. नुसतं टक लावून बसले तर डोळे मिटायला लागले, म्हणून तुला लिहायला घेतलं. फांदी मी दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या बिल्डिंगमागच्या रिकाम्या प्लॉटवरून आणली. सिक्युरिटीवाल्याने हटकलं, "मॅडम, ये क्या है?" मी म्हटलं, "पूजा." हे उत्तर तुझंच.

शारजाच्या अल नहदातला आपला तो फ्लॅट आठवतो ना? तुझ्या झूऑलॉजीच्या डिग्रीला तिथे कुणी विचारत नव्हतं, म्हणून तू आमचा फ्रीज ताब्यात घेतलास. खजुराच्या रिकाम्या डब्यांत थर्माकोल कापून बसवायचा, त्यावर टाचणीने भुंगेरे, नाकतोडे, चतुर टोचायचे. टोचण्याआधी ते फ्रीजरमध्ये मटार आणि खवलेल्या नारळाच्या मधोमध गारठून मरायचे. मी शाळेतून येऊन आइस्क्रीमचा डबा उघडायची आणि आतून टोळ माझ्याकडे बघत असायचा. "आई, प्लीज, नॉट इन द फ्रीजर! धिस इज सो डिस्गस्टिंग!" मी किंचाळायची. तू शांतपणे म्हणायचीस, "झाकण लाव आधी, वास लागेल त्याला मटाराचा." मैत्रिणींना घरी बोलवायची माझी हिंमतच व्हायची नाही. एक आली होती, तिला तू पाणी द्यायच्या आधी उंटाच्या शेणातला किडा दाखवलास.

बाबांची गोष्ट वेगळी. बाबा मारुतीचे भक्त, आणि शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ चुकली म्हणजे आठवडाभर तोंड एवढंसं. बर दुबईला देवळामागच्या गल्लीत फुलं मिळत, पानं मिळतीलच असं नाही. पण वाळवंटात रुईला तोटा नाही. मग दर शुक्रवारी आपली गाडी धैदच्या रस्त्याला लागायची. बाबा पानं तोडायचे आणि तू जुन्या ओढणीची जाळी बॅडमिंटनच्या तुटक्या रॅकेटला शिवून पळत सुटायचीस, साडीचा पदर खोचून, पायांत माझे पीटीचे बूट. एकदा पोलिसांची गाडी थांबली. वाळवंटात साडीतली बाई रॅकेट घेऊन उड्या मारतेय म्हटल्यावर थांबणारच. बाबांची बोबडी वळली. तू मात्र ऐटीत म्हणालीस, "पूजा!" त्या पोलिसाने बाबांच्या हातातली पानं बघितली, तुझी जाळी बघितली, आणि "यल्ला, यल्ला, गो" म्हणून हात जोडले.

आणि तो पांढऱ्या ठिपक्यांचा काळा भुंगेरा! बाबांनी कौतुकाने उचलून तुला द्यायला हात पुढे केला आणि त्याने बाबांच्या हातावर सणसणीत आंबट फवारा सोडला. बाबा थयथया नाचतायत, "अगं, पाणी आण, भाजलं, भाजलं!" आणि तू म्हणतेयस, "अहो, हलू नका, हलू नका, परत सोडतो का बघू दे!" त्या दिवशी परतीच्या वाटेवर बाबा तुझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. तू डबा मांडीवर घेऊन इतकी खूश होतीस की तुला ते कळलंही नाही.

पण तुझा खरा जीव अडकला होता तो कोशात. रुईच्या पानांबरोबर पट्टेरी अळ्या घरी यायच्या, तू त्या बरणीत वाढवायचीस, त्यांचे कोश व्हायचे, आणि नेमकं बाहेर यायच्या वेळी काहीतरी निघायचं. एकदा कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून उठलीस. एकदा आजीचा भारतातून फोन आला, ती तिकडून ओरडतेय आणि तू इकडून "हो, हो, खलास, ठेवते" म्हणतेयस. एकदा सगळं आवरून बसलीस आणि बसल्या बसल्या घोरायला लागलीस. दर वेळी मागे फिरून बघावं तर फुलपाखरू ओले पंख लोंबवत बसलेलं, आणि तू कपाळावर हात मारून म्हणणार, "मेल्या, थांबला असतास जरा!"

मग ते वर्ष आलं. माळेतल्या पानावरची एक अळी बाबांच्या नजरेतून सुटली आणि देव्हाऱ्यातल्या मारुतीच्या तसबिरीला खालच्या कडेला लटकून तिने कोश केला. तुला तो दिसला. बाबांना दिसला नाही, ते नमस्कार करताना चष्मा काढून ठेवायचे. तू कुणाला काही बोलली नाहीस. उगाच हलवाहलव नको म्हणून फक्त एवढंच फर्मान काढलंस की तसबिरीला कुणी हात लावायचा नाही, पुसायची तर मीच पुसेन. आणि रोज सकाळी उठून देव्हाऱ्यासमोर पाट टाकून बसायला लागलीस. तासन् तास. पापणी न हलवता.

बाबा हरखून गेले. इतक्या वर्षांत ज्या बायकोने उदबत्ती लावताना कधी दोन मिनिटं काढली नाहीत, ती मारुतीसमोर ध्यान लावून बसतेय! त्यांनी आजीला फोन करून सांगितलं. शेजारच्या काकूंना सांगितलं, आणि त्यांच्या कानावर गोष्ट गेली म्हणजे शारजातल्या सगळ्या मराठी घरांत गेली. हनुमान जयंती त्या वर्षी नेमकी शुक्रवारी, सगळ्यांना सुट्टी. बाबांनी परस्पर ठरवून टाकलं, यंदा सूर्योदयाचा जन्मकाळ आपल्याकडे, जोरात. तू चिडलीस, पण कारण सांगायची सोय नव्हती. सुंठवडा कुटताना मला म्हणालीस, "कोश काळा पडलाय गं. उद्याच निघणार. आणि हे तीस माणसं बोलवून बसलेत!"

पहाटे हॉल गच्च भरलेला. काकू सगळ्यांत पुढे, टाळ घेऊन. तू पाटावर, तसबिरीपासून वीतभर अंतरावर, डोळे ताणून. काकू कुजबुजल्या, "बघा कशी तंद्री लागलीय." बाबांनी आरतीचं ताट उचललं, कापराची डबी उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. डबी रिकामी.

कापूर कुठे जायचा ते मला ठाऊक होतं. मेलेल्या किड्यांना बारीक कीड लागू नये म्हणून तू प्रत्येक डब्यात कापराच्या वड्या ठेवायचीस. बाबा दर महिन्याला विचारायचे, "अगं, परवाच तर आणला होता!" आणि तू डोळ्याचं पातंही न लववता सांगायचीस, "कापूर उडून जातो हो. इथल्या उकाड्यात तर लवकरच उडतो. शास्त्र आहे ते." शास्त्र खरंच होतं, म्हणून बाबांना बोलायला जागाच नसायची.

"अगं, कापूर!" बाबा म्हणाले. तू मान वळवली नाहीस. "अगं, कापूर कुठाय? जन्मकाळ टळतोय!" तीस माणसं तुझ्याकडे बघायला लागली. तू माझ्याकडे बघितलंस, पण बेडरूमच्या कपाटातला नेमका कुठला डबा ते मला सांगायचं कसं, सगळ्यांदेखत? शेवटी तू उठलीस. तुझा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, आई, रडवेला झाला होता. तू आत पळालीस, पळत परत आलीस, आणि तसबिरीच्या कडेला शेंदरी फुलपाखरू ओले पंख लोंबवत बसलेलं होतं.

काकूंनी टाळ खाली टाकून लोटांगणच घातलं. "शेंदरी! अहो, शेंदरी रंगाचा! मारुतीराया आले हो, भक्तिणीसाठी आले!" तू कापूर मुठीत धरून एकेकाला विचारत सुटलीस, "निघालं कसं? आधी डोकं आलं का पाय? सांगा ना कुणीतरी!" पण कुणी बघितलंच नव्हतं. तू आत गेलीस तेवढ्यात सूर्य उगवला म्हणून सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले होते. आणि मी दाराकडे बघत होते, तू येतेयस का म्हणून. "अहो, रुईवरच्या अळीचं शेंदरीच निघतं!" तू सांगून पाहिलंस. काकू म्हणाल्या, "विनय बघा हिचा."

मग बाबांनी कापूर पेटवला. तडतड आवाज आला आणि केस जळाल्यासारखा वास सुटला. वडीला भुंगेऱ्याचा पाय चिकटून आला होता, सोबत टाचणीसुद्धा. आरती झाली, माणसं पाया पडून गेली, तुझ्याही पाया पडून गेली, आणि बाबा ताटातली ती काळी टाचणी बोटांत धरून बसून राहिले. "म्हणजे तू दहा दिवस मारुतीसमोर बसली नव्हतीस," ते म्हणाले. खरंच दुखावले होते. तू त्यांच्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "समोर तर बसले होते ना हो? तुम्ही तरी दुसरं काय करता?" मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण बाबा टाचणीकडे बघता बघता हसायला लागले, इतके की डोळ्यांतून पाणी. पुढच्या वेळी बर दुबईहून त्यांनी कापराच्या दोन डब्या आणल्या. एक देव्हाऱ्यात ठेवली, एक तुझ्या कपाटात.

नंतर तुम्ही दोघं चिपळूणला परत गेलात. तिथे काय, रुई रस्त्यारस्त्याला. तू म्हणायचीस, आता निवांत बसून बघेन. मग तुझं आजारपण आलं आणि ते राहूनच गेलं. मला ते फार लागतं, आई. माणसाचं एवढंसं मागणं असतं आणि तेही होत नाही. काल बाबांना फोनवर सांगितलं की कोश आणलाय. ते म्हणाले, "आधी दोन पानं मारुतीला वाहिलीस ना?" वाहिली, सांग त्यांना, असं म्हणायला तुझ्याकडे वळले आणि तू नव्हतीस.

हे एवढं लिहिलं आणि मान वर केली. निघालंय. फांदीला धरून बसलंय, पंख अजून चुरगळलेले, शेंदरी, ओले. खाली रिकामं टरफल.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा तुला म्हणून सांगते. बाबांबद्दल लिहीत होते तेव्हाच कोश हलल्याचं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं होतं. मी मान वर केली नाही. तुझ्याआधी मला बघायचं नव्हतं.